एफ्राइम ट्रॉक्सेलचा टाका

हार्लन्स फोर्डमध्ये सगळ्यात हट्टी माणूस कोण असं कुणालाही विचारलंत, तर तो घोड्यांच्या सामानाच्या दुकानाकडे बोट दाखवायचा. तिथे एफ्राइम ट्रॉक्सेल बसायचा. धंद्यानं जीनगर. खोगीर, लगाम, नांगराच्या घोड्यांचे गळपट्टे, बग्गीचे पट्टे, सगळं त्याच्या हातचं. माणूस बुटका, मान आखूड, दाढी मेणानं कायम चिकट. आणि जीभ तर अशी तिरसट की बोलायची सोय नाही. गिऱ्हाईक दारात आलं की तो आधी घोड्याकडे बघणार, मग पट्ट्याकडे, आणि सगळ्यात शेवटी, वाटलंच तर, माणसाकडे.

"कुणी शिवलाय हा?"

"मागे शहरात गेलो होतो, तेव्हा घेतला."

"मग शहरातच तुटू द्यायचास. इथे कशाला आणलास?"

असं बोलूनही लोक त्याच्याकडेच यायचे, कारण तीस वर्षांत त्याचा टाका तुटला नव्हता. एकही नाही! आरीनं भोक पाडायचं, मेणवलेल्या जाड दोऱ्याच्या दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून घालायच्या, आणि कुंथेपर्यंत खेचायचं. पट्टा तयार झाला की दुकानाच्या तुळईला आकड्यानं अडकवायचा आणि पाय वर घेऊन स्वतः त्याला लोंबकळायचं. वीस मोजायचे. पट्टा कुरकुरला नाही तर गिऱ्हाइकाला द्यायचा. लग्न होऊन हुल्डा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिचा नवरा तुळईला लटकलेला. बाईनं अशी किंकाळी फोडली की समोरचा न्हावी पीट गँट्स, तेव्हा पोरगेलाच होता, हातात वस्तरा घेऊन धावत आला.

या हट्टाला कारण होतं. एफ्राइम नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप उतारावर गाडी हाकत होता आणि दुसऱ्या कुणीतरी शिवलेला एक पट्टा तुटला. घोडे उधळले, गाडी उलटली, बाप खाली. एफ्राइमनं तो पट्टा कितीतरी वर्षं जपून ठेवला होता. दोरा कुजका, टाके लांब लांब, आळशी माणसाचे. तुटणारी वस्तू माणूस मारते, हे त्याच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते बसलंच.

त्याला पोर एकच उरलं होतं, क्लेम. आधीची दोन लहानपणीच गेली. क्लेम अंगानं बापावर गेलेला, चणीनं बारका, पण पाय असे की पकडायला गेलं तर हाती लागणार नाही. टेकडीवरच्या ऑर्विन कॉलेजात तो शिकत होता. ट्रॉक्सेलांच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला पहिलाच. बाप तोंडावर कधी कौतुक करायचा नाही, पण दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही निमित्त काढून सांगायचा, "आमचा क्लेम लॅटिन वाचतो. घोड्याला काही उपयोग नाही त्याचा, पण वाचतो."

आणि क्लेम फुटबॉल खेळायचा.

हा फुटबॉल पायानं कमी आणि छातीनं जास्त खेळायचा. चेंडू बगलेत दाबायचा आणि समोरच्या अकरा रेड्यांतून घुसून त्यांच्या मागची रेघ ओलांडायची. बस्स. डोक्याला काही नाही, फार तर वाढवलेले केस. खांद्याला थोडा कापूस. दात, नाकं, बरगड्या यांचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. ऑर्विनच्या संघानं आदल्या दोन वर्षांत इतका मार खाल्ला होता की गावातली म्हातारी माणसं त्यांना बघून टोपी काढायची, मयताला काढतात तशी.

१९०२ सालच्या सप्टेंबरात संघाचा कप्तान हायरम ओल्डेकर दुकानात आला. हा पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, दारातून आत यायला मान वाकवावी लागेल एवढा.

"एफकाका, एक काम होतं. जरा विचित्र आहे."

"घोडा कुठला?"

"घोडा नाही. क्लेम."

एफ्राइमनं आरी खाली ठेवली.

"क्लेमच्या विजारीला मुठी लावायच्यात," हायरम म्हणाला. "ट्रंकेला असतात तशा. कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन, आणि पाठीवर एक. तो चेंडू घेऊन घुसतो झकास, पण मध्येच अडकतो. अडकला की आम्ही दोघं मुठी धरून त्याला ओढणार. नाहीच जमलं तर उचलून रेघेपलीकडे टाकणार."

"माझ्या पोराला?"

"सगळ्यात हलका तोच आहे, काका."

"नियमात बसतं का हे?"

"बसतं असं लिहिलेलं नाही."

"बसत नाही असं लिहिलंय?"

"तसंही नाही."

आठ वर्षांनी तसं लिहिलं गेलं, आपल्या गड्याला ओढायचं नाही म्हणून. पण तेव्हा नव्हतं. दुसरा कुणी शहाणा बाप असता तर त्यानं हायरमला बखोटीला धरून बाहेर काढलं असतं. पण एफ्राइमची एक खोड होती. जगात आजवर कुणी शिवली नाही अशी वस्तू त्याला सांगितली की त्याचं बाकी सगळं भान सुटायचं. बाप बाजूला राहिला आणि जीनगर जागा झाला. त्यानं खडू उचलला.

तीन दिवसांत मुठी तयार झाल्या. दुहेरी चामडं, आत दोरीचं भरीव, आणि पट्ट्यात शिवताना असे टाके की दोन घोडे जुंपले तरी हलू नयेत. प्रत्येक मुठीच्या आतल्या बाजूला त्यानं आपली बारीकशी खूण उठवली, सगळ्या मालावर उठवायचा तशी. मग क्लेमला विजार चढवून, मुठींत आकडे अडकवून, तुळईला टांगला. पीट गँट्स समोरून बघत होता. राहवेना म्हणून रस्ता ओलांडून आला.

"एफ, हे काय करतोयस?"

"सुकवतोय," एफ्राइम म्हणाला. "सतरा, अठरा..."

"आईला नका सांगू, पा," वरून क्लेम म्हणाला.

"मी कशाला सांगतोय!"

हुल्डाला सांगितलं गेलं ते असं, की कॉलेजात कुणी शिंपी आहे, त्यानं शिवल्या. हुल्डा "हं" म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

मग जे झालं ते गावानं कधी बघितलं नव्हतं. पहिला सामना जिंकला. दुसरा जिंकला. त्या डावाला लोकांनी नावच ठेवलं, पोतं. रेघ जवळ आली की कुरणाच्या कडेला उभं असलेलं अख्खं गाव ओरडायचं, "पोतं! पोतं टाका!" क्लेम चेंडू पोटाशी धरून घुसायचा, हायरम आणि दुसरा एक दांडगा मुठी धरायचे, आणि पोरगं गर्दीच्या डोक्यावरून पलीकडे जाऊन धप्पकन पडायचं. पाद्रीबुवा रविवारी उपदेश लवकर आटपू लागले. ज्यांना कॉलेज म्हणजे रिकामटेकड्यांचा अड्डा वाटायचा ते शेतकरी कॉलेजचा मोसंबी रंगाचा झेंडा गाडीला लावून येऊ लागले. चौथा, पाचवा, सहावा. हार नाही!

एफ्राइम एकही सामना चुकवायचा नाही. पीटबरोबर गाडीवर उभा राहायचा. पण त्याचं लक्ष चेंडूवर नसायचंच, त्याची नजर मुठींवर. सामना संपला की पोराला आधी वळवून पट्टा तपासायचा.

"बघ. एक धागा उठला नाही. मूठ हलली नाही तसूभर."

"मूठ नाही हलली, पा," क्लेम एकदा म्हणाला. "मी हललो."

एफ्राइम हसला. खरं म्हणजे तेव्हाच त्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण कौतुकानं आंधळा झालेल्या माणसाला सांगणार कोण?

सातव्या सामन्यानंतर क्लेम जेवायला बसला नाही. उभ्यानंच ताट हातात घेऊन जेवला. म्हणाला, असंच बरं वाटतंय. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी, म्हाताऱ्यासारखा. हुल्डानं घोड्यांना चोळायचं तेल गरम केलं, त्याला पालथा घातला आणि सदरा वर केला. कमरेभोवती पट्टा काढून ठेवला तरी पट्टा तसाच दिसत होता, काळानिळा, चारी बाजूंनी. उजव्या कुशीला हात लावला तर पोरगं उशीत तोंड खुपसून कण्हलं.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी होती. दूर पूर्वेकडे कुठल्याशा सामन्यात एका मुलाचा कणा मोडला. वीस वर्षांचा. हुल्डानं ती वाचली, घडी घातली आणि चुलीत टाकली.

सोमवारी धुण्याचा दिवस. दुपारी हुल्डा दुकानात आली. ती एरवी दुकानाच्या वेळात यायची नाही. हात अजून साबणानं सुरकुतलेले होते. तिनं क्लेमची विजार एफ्राइमच्या पुढ्यात टाकली.

"कोण तो कॉलेजातला शिंपी?"

एफ्राइमनं विजार बाजूला सारली.

"अठ्ठावीस वर्षं तुझे टाके बघतेय मी. पहिल्याच धुण्याला ओळखलं. म्हटलं, सांगेल आज, सांगेल उद्या. तू कसला सांगतोस! गाडीवर उभा राहून टाळ्या पिटतोस." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच एफ्राइमला जड जात होतं. "मला एवढंच सांग. दोघं इकडून ओढणार, दोघं तिकडून धरणार. मधे आपला क्लेम. पट्टा तुटणार नाही, कारण तो तू शिवलायस. टाका तुटणार नाही, माहीत आहे मला, सगळ्या गावाला माहीत आहे. मग तुटणार काय, एफ्राइम?"

ती गेली. एफ्राइम संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. दोन गिऱ्हाइकं आली आणि तो कुणाला टोचून बोलला नाही, तेव्हा पीट गँट्सला वाटलं याला ताप आलाय.

नऊ वर्षांचा असल्यापासून एफ्राइम तुटणाऱ्या वस्तूंना भीत आला, आणि आता न तुटणारी वस्तू त्यानं स्वतःच्या हातानं पोराच्या कमरेला बांधली होती. केवढा मोठा गाढवपणा! जुन्या पट्ट्यात दोष सापडला की तो लोकांवर खेकसायचा. आता खेकसणार कुणावर?

त्यानं क्लेमला बाहेर ओट्यावर गाठलं. "शेवटचा सामना सोड."

"पा! सात जिंकलेत. एकच राहिलाय. तोही शहरवाल्यांशी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला. आता घरी बसू?"

"मग मुठी काढून खेळ."

"मुठी काढल्या तर मला कुणी खेळवणार नाही. हायरम दुसऱ्याला देईल विजार. संघातल्या धाकट्या टबला. त्याला तर मान कशी वाचवायची तेही कळत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुमचा टाका आहे, पा. मला भीती नाही वाटत."

या वाक्यानं एफ्राइमला जे झालं ते त्यानं पुढे हुल्डालासुद्धा सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी त्यानं दुकानाला कडी घातली. काचेवर 'बंद' अशी पाटी लावली, ती कित्येक वर्षांत कधी लावली नव्हती. विजार घेतली आणि आपलेच टाके कापायला लागला. धार लावलेल्या चाकूलाही ते दाद देईनात. हुल्डा मागल्या दारानं आली आणि बाकावर बसली.

"काय करतोयस?"

"खोटं शिवतोय," तो म्हणाला. "मूठ पोराचं ओझं घेईल, ओढलं तर पोरगं पुढे येईल. पण दोन्हीकडून ताण बसला की सुटली पाहिजे. पोराच्या आधी."

"सांगणार आहेस त्यांना?"

"सांगितलं तर क्लेम रातोरात स्वतः शिवून टाकेल. बरा शिवतो तो. मीच शिकवलंय."

त्यानं साधा सुती दोरा घेतला, मेण न लावता, एकाच सुईनं टाके घातले. विजार मुठींनी तुळईला टांगून तिला क्लेमच्या वजनाचं ओटचं पोतं बांधलं. टाक्यांनी धरलं. मग म्हणाला, "आता तू."

"मी काय?"

"पोत्यावर बस. ताण बघायचाय."

हुल्डा बाई भारदस्त होती. तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर पळाला असता. मग परकर सावरून ती पोत्यावर चढून बसली. काही झालं नाही. पोतं झुललं, हुल्डा झुलली, टाका जागच्या जागी.

"खेचलास तू," ती वरून म्हणाली. "सवयीनं खेचलास."

खरंच खेचला होता. डोकं कितीही सांगो, हाताला खोटं येईना. दुसऱ्यांदा इतका सैल घातला की नुसत्या पोत्यानंच मूठ निघून आली आणि ओट सगळ्या दुकानभर. तिसऱ्यांदा त्यानं प्रत्येक टाक्याला हुल्डाकडे बघितलं. ती म्हणायची, "पुरे. सोड. पुरे म्हटलं ना." पोतं धरलं. हुल्डा चढली. क्षणभर तेही धरलं, मग चर्रर आवाज झाला आणि बाई पोत्यासकट खाली. एफ्राइम धावला. हुल्डा जमिनीवर बसून हसत होती. कितीतरी दिवसांनी.

"माझं वजन गावात कुणाला सांगितलंस तर बघ."

"मी कशाला सांगू? लोक म्हणतील ट्रॉक्सेलचा टाका तुटला. किती वजनानं, ते कोण विचारतंय!"

मुठीच्या आत त्याची खूण तशीच होती. खरवडून काढता आली असती. त्यानं चाकू हातात घेतला आणि परत ठेवून दिला. खोटं काम करायचं आणि वर नाव लपवायचं, एवढं त्याच्यानं होईना.

गुरुवारी, सणाच्या दिवशी, जमीन दगडासारखी गोठली होती. हुल्डानं टर्की मंद आचेवर ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला आली. गाडीवर ती मध्ये, एका बाजूला एफ्राइम, दुसऱ्या बाजूला पीट. पीटला तिच्या येण्याचा फार आनंद झाला. तो तिला सगळं समजावून सांगत होता आणि ती एक शब्द ऐकत नव्हती.

शहरवाले आकारानंच अंगावर येणारे. पण त्या दिवशी ऑर्विनची पोरंही जिवावर उदार होऊन खेळली. पहिला डाव गेला, कुणाचाच गुण नाही. दुसरा डाव सरत आला, तरी नाही. एकदा शहरवाले रेघेपासून दोन पावलांवर आले आणि हायरमनं त्यांचा गडी असा आडवा केला की दोघंही बराच वेळ उठले नाहीत. उजेड उतरायला लागला. पंच घड्याळ बघायला लागला. आणि मग चेंडू ऑर्विनकडे, रेघ तीन यार्डांवर.

गाव जे ओरडायला लागलं! "पोतं! पोतं! पोतं!"

क्लेम घुसला. हायरम आणि त्याचा जोडीदार यांनी मुठी धरल्या. पण शहरवाल्यांनी या डावाबद्दल ऐकलेलं होतं. त्यांच्या दोघांनी क्लेमला नाही अडवलं, त्याचे पाय धरले. एकानं एक, दुसऱ्यानं दुसरा, आणि मागे बसकण मारली. क्लेम हवेत आडवा झाला. हे दोघं कमरेला पुढे ओढतायत, ते दोघं पायांना मागे. रेघ त्याच्या डोक्यापासून हातभर. मग आणखी आले. हायरमच्या मागे त्याला धरून तिघं, त्यांच्यामागे तिघं. रस्सीखेचच ती, फक्त रस्सीच्या जागी माणूस.

"ओढा!" पीट ओरडला. "ओढा रे, आलं, आलं!"

क्लेम ओरडला. एकदाच. एवढ्या गलक्यात तो आवाज एफ्राइमला ऐकू आला आणि हुल्डालाही, कारण तिची नखं त्याच्या मनगटात रुतली.

मूठ सुटत नव्हती.

एफ्राइमच्या तोंडचं पाणी पळालं. खेचला होता का आपण? तिसऱ्यांदाही? सवयीनं, एखादा टाका, न कळत? तीस वर्षं या माणसानं देवाकडे एकच मागितलं होतं, टाका टिकू दे. आता तो गाडीवर उभा राहून, टोपी मुठीत चुरगाळून, अख्ख्या गावाच्या आरोळ्यांत एकटा ओरडत होता, "तूट! तूट की मेल्या! तूट!"

पीटनं वळून त्याच्याकडे बघितलं. याला वेड लागलं असं त्याला वाटलं.

आणि तुटला. आधी डावा, लगेच उजवा. हायरम आणि त्याच्यामागचे सहा जण धडाधड मागे कोसळले. क्लेम चेंडूसकट खाली पडला, तोंड रेघेकडे, हातभर अलीकडे. त्याच्यावर शहरवाल्यांचा ढीग पडला. पंचाची शिट्टी झाली. वेळ संपली होती.

कुरणावर एकदम शांतता. ढिगातून एकेक जण उठायला लागला. एक उठला, दोन उठले. हुल्डा मोजत होती, ओठ हलत होते. सगळ्यात खालून क्लेम निघाला. गुडघ्यावर आला. मग उभा राहिला. चेंडू जमिनीवर आपटला आणि शिव्या देत चालायला लागला, सरळ, दोन्ही पायांवर.

हुल्डाचा जीव भांड्यात पडला. ती मटकन गाडीच्या फळीवर बसली आणि पदरानं तोंड पुसावं तसं तिनं शालीनं पुसलं. एफ्राइमला हसू येत होतं, आणि गाल ओले झाले होते तेही त्याला कळत होतं. कुणी बघेल याची त्याला पर्वा उरली नव्हती.

गावाला मात्र काय करावं ते कळेना. जल्लोष करायचा की घरी जायचं?

"हरलो का आपण?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही," पीट म्हणाला.

"मग जिंकलो?"

"तेही नाही. शून्य-शून्य."

"पण अख्ख्या मोसमात हरलो नाही ना? एकदाही?"

पीटनं बोटांवर मोजलं. "नाही. एकदाही नाही."

"मग तोंड काय बघताय, ओरडा की रे!"

तेव्हा कुठे गाव ओरडलं. कॉलेजची घंटा वाजायला लागली, टोप्या उडाल्या, शेतकऱ्यांनी घोड्यांच्या मानेला मिठ्या मारल्या.

हायरम मात्र गाडीकडे आला. माती-रक्तानं माखून त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. हातात तुटलेली मूठ. त्यानं ती गाडीच्या कडेवर ठेवली, खूण वर करून.

"एफकाका, तुमचा टाका तुटला."

पीटनं मूठ उचलली, दोरा बघितला, सुती, बिनमेणाचा. न्हाव्याला चामड्यातलं फार कळत नाही, पण तीस वर्षं समोर बसल्यावर एवढं कळतं. "एफ, हा तुझा नाही. कुणी खोडी केलीय."

गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पीटनं तर वाट करूनच दिली होती.

"माझाच आहे," एफ्राइम म्हणाला. "तुटायलाच शिवला होता."

"मुद्दाम?" हायरमनं विचारलं.

"मुद्दाम. गाव जिंकलं असतं आज. मी जिंकू दिलं नाही. काय बोलायचं ते बोल."

हायरम, एवढा धिप्पाड पोरगा, गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"क्लेम ओरडला तेव्हा मला सोडायची होती, काका," तो म्हणाला. "खरंच सोडायची होती. पण सगळे ओढा ओढा करत होते आणि मागून खेचत होते. बोटं उघडेचनात माझी. म्हटलं, गेला आता क्लेम. माझ्या हातांत गेला." त्याला हुंदका आला. "बरं झालं तुटला. फार बरं झालं."

हुल्डा खाली उतरली आणि त्याच्या त्या मातीनं माखलेल्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात क्लेम आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ओठ फुटलेला, कानाला खरचटलेलं, केस उभे, आणि अंगाचा नुसता तिळपापड. आल्या आल्या त्यानं बापाला धरलं.

"पा! काय झालं ते? कसा तुटला? एवढंसं राहिलं होतं!" त्यानं दोन्ही हात पुढे केले आणि अंतर दाखवलं. मग ते त्याला कमी वाटलं म्हणून पाठीत वाकून, मान वळवून, जमिनीवर दाखवलं. "इथे माझं डोकं, इथे रेघ! एवढंसं, पा!"

एफ्राइम गाडीवरून त्याच्याकडे बघत राहिला. हात दोन्ही हलत होते. मान वळत होती. पाठ वाकत होती आणि सरळ होत होती.

"ऐकताय ना तुम्ही?"

"ऐकतोय," एफ्राइम म्हणाला. "किती राहिलं होतं म्हणालास? परत दाखव."

क्लेमनं चिडून दोन्ही हात पुन्हा पसरले आणि पुन्हा खाली वाकला.